पारोळ्याच्या पदवीधराची वाट

खानदेशात पदवीधरांना संशोधनासाठी दरमहा विद्यावेतन देणारी संस्था १९१६ साली उभी राहिली; पदवीपर्यंत शिकवणारी महाविद्यालये मात्र १९४५ साली निघाली. कळस आधी चढला आणि पाया एकोणतीस वर्षांनी भरला गेला. या उलट्या क्रमामुळे येथील उच्च शिक्षणाचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासापेक्षा निराळा झाला आहे. पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावातून तो पाहिला म्हणजे हे निराळेपण अधिक स्पष्ट दिसते.

पारोळा हे जुने बाजारपेठेचे गाव आहे. हरी सदाशिव दामोदर यांनी १७२७ च्या सुमारास येथे भुईकोट किल्ला बांधला. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंच्या माहेरचे तांबे घराणेही या गावाशी जोडलेले आहे. सुरतेहून नागपूर-कोलकात्याकडे जाणारा महामार्ग गावावरून जातो, रेल्वे मात्र नाही. तापी खोऱ्यातील सुरत-भुसावळ लोहमार्ग १९०० मध्ये पुरा झाला तो अमळनेरवरून. अमळनेर पारोळ्यापासून सुमारे २० किलोमीटर आहे. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे दोन भाग पडले, तेव्हा पारोळा आणि अमळनेर हे दोन्ही तालुके पूर्व खानदेशात, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात आले. गिरणी, रेल्वे आणि पुढे महाविद्यालय या तिन्ही गोष्टी अमळनेरला मिळाल्या. पारोळ्याच्या मुलाला अमळनेरला किंवा धुळ्याला जावे लागे.

विद्वानाला पैसा देण्याची रीत महाराष्ट्रात जुनी होती. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी सुरू केलेली श्रावणमासाची दक्षिणा पेशव्यांनी आपल्याकडे घेऊन वाढवली. पेशवाई बुडाल्यावर एल्फिन्स्टनने हा खर्च एकदम तोडला नाही. त्यातून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. १८४९ मध्ये लोकहितवादींसह काही सुधारकांनी दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथांसाठी वळवावा असा अर्ज केला आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाल्यावर याच निधीतून हुशार विद्यार्थ्यांना ‘दक्षिणा फेलो’ म्हणून वेतन मिळू लागले. फेलोने स्वतः पुढे शिकायचे आणि खालच्या वर्गांना शिकवायचे, असा तो करार होता. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही दक्षिणा फेलो होते. आजच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचे मूळ दिल्लीत शोधले जाते, पण मराठी मुलखात तिचा पूर्वज पर्वतीच्या रमण्यात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेपर्यंत मागे जातो. ही सोय पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांपुरती होती. खानदेशातून तेथवर पोचणारे थोडे, आणि पोचत ते बहुधा वतनदार, वकील किंवा सरकारी नोकर यांच्या घरचे.

अमळनेरचे गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. इंग्रजीत त्याचे नाव ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फिलॉसॉफी’ असे होते. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था त्यानंतर एका वर्षाने, १९१७ मध्ये निघाली. तालुक्याच्या गावात, विद्यापीठापासून शेकडो किलोमीटर दूर, कापडाच्या नफ्यावर चालणारी शुद्ध तत्त्वचिंतनाची संस्था हा प्रकार त्या काळच्या हिंदुस्थानात विरळाच होता. प्रतापशेठ वेदान्ताचे अभ्यासक आणि भक्त होते. शांकर अद्वैताचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या परिभाषेत विचार व्हावा, ही त्यांची इच्छा होती. निवडलेल्या पदवीधरांना येथे राहण्याची जागा, ग्रंथालय आणि विद्यावेतन मिळे. परीक्षेचा धाक नव्हता. वाचावे, चर्चा करावी आणि लिहावे एवढीच अपेक्षा होती.

या व्यवस्थेचे फळ मोठे आहे. संस्थेचे ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक १९२५ मध्ये सुरू झाले आणि घनश्यामदास रतनमल मलकानी यांनी ते दीर्घकाळ संपादित केले. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांचे ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ हे पुस्तक १९३० मध्ये अमळनेरहून प्रसिद्ध झाले. विसाव्या शतकातील भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यासक आजही त्या पुस्तकाला टाळू शकत नाही, आणि त्याच्या पहिल्या आवृत्तीवर खानदेशातल्या एका गिरणीगावाचे नाव आहे. १९३३ ते १९३५ या काळात भट्टाचार्य स्वतः संस्थेचे संचालक म्हणून अमळनेरला राहिले आणि तेथून कोलकाता विद्यापीठाच्या पंचम जॉर्ज अध्यासनावर गेले. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांनी मिळून लिहिलेला ‘अज्ञान’ हा ग्रंथ १९३३ चा. त्यात एकाच विषयावर तिघांनी आपापली वेगळी मते मांडली आहेत. मूर्ती पुढे बनारस हिंदू विद्यापीठात सयाजीराव गायकवाड अध्यासनाचे प्राध्यापक झाले आणि १९५५ मध्ये माध्यमिक बौद्ध मतावरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला. तरुण वयात शेठजींचे विद्यावेतन आणि प्रौढ वयात महाराजांनी निधी दिलेले अध्यासन, असा हा प्रवास. त्या पिढीतील अनेक विद्वानांची उपजीविका अशाच देणग्यांवर चालत होती.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. मलकानी सिंधी, दास बंगाली, मूर्ती दक्षिणेतले. शेजारच्या पारोळा, एरंडोल किंवा चोपड्याच्या शेतकरी घरातील मुलाला या फेलोशिपचा प्रत्यक्ष उपयोग जवळजवळ नव्हता, कारण तेथे पोचण्यासाठी लागणारी पदवीच खानदेशात मिळत नव्हती. विषयही देणाऱ्याने ठरवलेला. कापूस, केळी, तापीचे पाणी किंवा अहिराणी भाषा यांवर संशोधन करणाऱ्याला अशी सोय कोणी केली नाही. देणगीदाराच्या आवडीवर चालणाऱ्या संशोधनाला ही मर्यादा असतेच, आणि अमळनेरच्या गौरवाच्या लेखनात ती सहसा झाकली जाते. परिसराला या संस्थेचा खरा लाभ झाला तो आडवाटेने. पांडुरंग सदाशिव साने हे कोकणातील पालगडचे तरुण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी येथे आले, १९२४ मध्ये खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत शिक्षक झाले आणि छात्रालय सांभाळू लागले. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उडी घेतली. तत्त्वज्ञान मंदिराने साने गुरुजींना खानदेशात आणले. पुढचे काम छात्रालयाच्या मुलांनी आणि स्वातंत्र्याच्या चळवळीने केले.

धुळ्याला याच काळात संशोधनाची अगदी वेगळी परंपरा तयार झाली. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये स्थापन केलेल्या सत्कार्योत्तेजक सभेने समर्थ रामदासांच्या वाङ्मयाची हस्तलिखिते गावोगाव फिरून जमवली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी अखेरची वर्षे धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे तेथेच निधन झाले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. राजवाडे पदवीधर होते, पण विद्यापीठाच्या वेतनाच्या वाटेला गेले नाहीत. पायपीट करून दप्तरे धुंडाळायची, जेवण ज्याच्याकडे मिळेल त्याच्याकडे, छपाईचा खर्च मित्रांच्या वर्गणीतून, आणि लेखन हट्टाने मराठीत. अमळनेरला इंग्रजीतून मायावाद चर्चिला जात होता, त्याच वर्षांत धुळ्यात मोडी कागदांच्या नकला चालल्या होत्या. राजवाड्यांच्या वाटेने जाणाऱ्याला मान मिळे, पगार नाही. घरची शेती किंवा शाळेतली नोकरी असेल त्यालाच ती परवडे.

सामान्य घरातल्या मुलापुढे बाहेर जाण्याचा मार्ग होता. पुणे, मुंबई, बडोदे, आणि १९२४ नंतर नाशिकचे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय. जातवार बोर्डिंगांनी या प्रवासाला मोठा हात दिला. जळगावचे लेवा बोर्डिंग हे त्यातले ठळक नाव. राहण्या-जेवणाचा प्रश्न सुटला की फीचे कसेबसे जमे. पदवीनंतरच्या शिक्षणाला संस्थानिकांचा आधार असे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे खानदेशच्या सीमेजवळील कवळाण्याचे. त्यांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवले तेव्हा दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला. शिष्यवृत्ती आणि नोकरी एकाच कागदावर बांधलेली असण्याची ही पद्धत आज कठोर वाटते. पण शिकून झाल्यावर काम कुठे मिळेल, हा प्रश्न त्या कराराने आधीच मिटवलेला असे. त्या कामावर अस्पृश्याला कसे वागवले जाईल, याची हमी मात्र करारात नव्हती, आणि बडोद्यात आंबेडकरांना त्याचा कडवट अनुभव आला.

१९४५ मध्ये खानदेशात एकाच वर्षी दोन महाविद्यालये निघाली: अमळनेरला प्रताप महाविद्यालय आणि जळगावला मूळजी जेठा महाविद्यालय. दोन्ही नावे गिरण्यांशी जोडलेल्या घराण्यांची आहेत. ही महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाला आणि १९४९ नंतर नव्या पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. पदवी आता पारोळ्याहून एस.टी.ने जाऊन-येऊन मिळवता येऊ लागली, आणि पुढे गावातच किसान महाविद्यालय झाले. पीएच.डी. मात्र पुण्यातच राहिली. मार्गदर्शक, ग्रंथालय, नोंदणी आणि तोंडी परीक्षा या प्रत्येकासाठी साडेतीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास होता. त्यामुळे खानदेशात त्या काळी संशोधन करीत ते बहुतेक नोकरीत असलेले प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एफ.आय.पी. योजनेत महाविद्यालयीन शिक्षकाला पगारी रजा मिळू लागली, तेव्हा तालुक्याच्या गावातील अनेकांचे प्रबंध पुरे झाले. ताज्या पदवीधराला यातले काही लागू नव्हते.

मधल्या काळात सरकारी मदतीची चौकट उभी राहिली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डॉ. आंबेडकरांनी लावून धरल्यामुळे अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतर ती आदिवासी विद्यार्थ्यांनाही मिळू लागली. मुंबई राज्याने १९५९ मध्ये कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांची फी माफ केली. ही ई.बी.सी. सवलत खानदेशातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला कोणत्याही गिरणीमालकापेक्षा जास्त उपयोगी पडली. संशोधनासाठी स्वतंत्र रक्कम मात्र १९८४ पासून आयोगाच्या राष्ट्रीय परीक्षेतून मिळू लागली. १९८९ पासून त्याच परीक्षेत अध्यापनाची पात्रताही ठरू लागली, तीच आजची नेट. राज्याची सेट परीक्षा १९९५ पासून पुणे विद्यापीठ घेते. सेटमध्ये पात्रता मिळते, फेलोशिप नाही.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावजवळ उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि गणितज्ञ डॉ. निंबा कृष्णा ठाकरे पहिले कुलगुरू झाले. २०१८ मध्ये विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे त्याचे तीन जिल्हे. विद्यापीठाचा परिसर बांभोरीजवळ, पारोळ्यावरून जाणाऱ्या महामार्गालाच लागून आहे, त्यामुळे नोंदणीसाठी पुण्याची खेप संपली. संलग्न महाविद्यालयांतही संशोधन केंद्रे निघाली, मार्गदर्शकांची संख्या वाढली, आणि २००९ च्या नियमांनंतर प्रवेशपरीक्षा आणि कोर्सवर्क आवश्यक झाले. कमवा आणि शिका योजनेतून पदव्युत्तर वर्गातील मुलांना हातखर्च सुटू लागला.

शिकण्याची जागा जवळ आली, पैसा मात्र दिल्ली, पुणे आणि नागपूरकडूनच येत राहिला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपची (जेआरएफ) रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये आहे. ती मिळणारे थोडेच. बाकीच्यांसाठी राज्याच्या संस्था आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी २०१८ मध्ये स्थापन झालेली सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी २०१९ ची महाज्योती. या संस्थांची अधिछात्रवृत्ती मिळाल्याने शेतकरी आणि शेतमजूर घरांतील मुले पूर्णवेळ संशोधन करू लागली, हा मोठा बदल आहे. जागांची संख्या, जाहिरातीला होणारा उशीर आणि नोंदणीच्या तारखेपासून रक्कम मिळावी ही मागणी यांवरून पुण्यात व मुंबईत आंदोलनेही वारंवार झाली. वर्षभर थकलेली अधिछात्रवृत्ती एकरकमी मिळाली तर कागदावर हिशेब जुळतो, पण जळगावला खोली घेऊन राहणाऱ्याचे भाडे दर महिन्याला द्यावे लागते.

प्राध्यापकाच्या नोकरीचे गणित याच काळात बिघडत गेले. २००१ नंतर राज्याने नवी महाविद्यालये कायम विनाअनुदानित तत्त्वावर दिली. अनुदानित पदेही निवृत्तीनंतर रिकामी राहू लागली. २०१८ मध्ये ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या भरतीला मान्यता मिळाली, त्यातली उरलेली २,०८८ पदे भरण्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला. दरम्यान तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची एक पिढी तयार झाली. नेट-सेट आणि पीएच.डी. असूनही तासावर पैसे घेणारा, उन्हाळी सुट्टीत शेतात किंवा शिकवणी वर्गात काम करणारा सी.एच.बी. शिक्षक खानदेशातील प्रत्येक तालुक्यात आहे. पात्रतेचे नियमही हलते राहिले. विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची करण्याचे २०१८ मध्ये ठरले, ते २०२१ वरून २०२३ वर ढकलले गेले आणि २०२३ मध्ये नेट-सेट हीच किमान पात्रता पुन्हा मान्य झाली.

रसायनशास्त्राचा अनुभव वेगळा आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने सुरुवातीपासून सेंद्रिय रसायन, पॉलिमर, कीटकनाशके अशा उद्योगाला लागणाऱ्या विशेष शाखांवर भर दिला. हे अभ्यासक्रम पुरे केलेल्या मुलांना सुरत, अंकलेश्वर आणि वापीच्या औषध व रसायन कारखान्यांत गुणवत्ता तपासणीच्या किंवा उत्पादनाच्या खात्यात काम मिळते. तापी खोऱ्यातील जी रेल्वे शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या गाठी पश्चिमेला नेत होती, तिनेच ही मुले सणासुदीला घरी येतात. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र घेणाऱ्यांचा ओढा स्पर्धा परीक्षांकडे वळला. पारोळा-अमळनेरच्या अभ्यासिकांत आज एम.ए. झालेले अनेकजण पीएच.डी.ची नोंदणी ठेवून तलाठी, पोलीस उपनिरीक्षक किंवा राज्यसेवेची तयारी करताना दिसतात.

ज्या संस्थेपासून ही वाट सुरू झाली, ते अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर पुढे प्रताप तत्त्वज्ञान केंद्र म्हणून पुणे विद्यापीठाशी जोडले गेले. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’चा वारसा घेऊन १९७३ मध्ये ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ निघाले, तेव्हा ते सुरेंद्र बारलिंगे यांच्या संपादनाखाली पुण्याहून प्रसिद्ध होऊ लागले.