अडीच किलोची रेघ

दवाखान्यात बाळ जन्मलं की ते थोड्याच वेळात वजनकाट्यावर जातं. काटा अडीच किलोच्या आत थांबला की कागदावर शेरा पडतो, ‘कमी वजनाचं बाळ’. उमरखेड असो की मुंबई, रेघ तीच. ही रेघ आली कुठून?

ती आली बर्लिनहून. तिथे काम करणारे फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो इल्प्यो यांनी १९१९ च्या सुमारास २५०० ग्रॅमची मर्यादा वापरली. पण कशासाठी? अपुऱ्या दिवसांचं बाळ ओळखण्यासाठी! आईचे दिवस नेमके मोजणं अवघड, वजन करणं सोपं. म्हणून दिवसांचं काम काट्यावर सोपवलं. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने १९४८ च्या रोगवर्गीकरणातही हीच सोय ठेवली.

आता यातली गोम बघा. लवकर जन्मलेलं बाळ हलकं असतं, ते त्याला वेळ मिळाला नाही म्हणून. दिवस पूर्ण भरलेलं बाळही हलकं असू शकतं, कारण पोटात त्याचं पोषणच झालं नाही. दोघांचं वजन दोन किलो, पण दुखणं एक नाही. हे संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६१ मध्ये मान्य केलं आणि ‘अपुऱ्या दिवसांचं’ याऐवजी ‘कमी वजनाचं’ म्हणा, असं सांगितलं.

१९७६ मध्ये आणखी एक बारीक बदल झाला. ‘२५०० किंवा त्याहून कमी’च्या जागी ‘२५०० पेक्षा कमी’ आलं. एका ग्रॅमचा तर फरक, असं वाटेल. पण वजन लिहिणारा माणूस अडीचवर आकडा गोल करतो, बरं का! त्यामुळे नेमकी अडीच लिहिलेली बाळं बरीच असतात, आणि ती सगळी एका झटक्यात यादीबाहेर गेली.

दहाव्या आवृत्तीत या दोन बाळांना दोन घरं मिळाली. पोटात वाढ खुंटली असेल तर पी ०५. लवकर जन्मलेलं, किंवा वजन कमी पण कारण दुसरीकडे बसत नाही, असं असेल तर पी ०७.

आपल्याकडे याने काय फरक पडतो? त्यासाठी गडचिरोलीला जावं लागेल. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांत, प्रशिक्षण दिलेल्या गावातल्याच बायांकडून, घरोघर नवजात बाळांची पाहणी केली. शंभरातली ४२ बाळं अडीच किलोच्या आतली निघाली. अपुऱ्या दिवसांची मात्र दहाच्या आसपास. म्हणजे बहुतेक हलकी बाळं दिवस भरूनच आली होती! त्यांचं वजन आईच्या ताटातलं, शेतातल्या राबण्याचं, लहान वयातल्या लग्नाचं बोलत होतं. ती सगळी पी ०७ मध्ये टाकली, तर हे कागदावर कुठेच दिसणार नाही.

आणि दोन घरांतलं कुठलं, हे ठरवायला शेवटची पाळी कधी आली ते माहीत लागतं. आपल्या बाया तारीख सांगत नाहीत. त्या म्हणतात, ‘पोळ्याच्या आधी’, ‘नागपंचमीनंतर’. नोंद घेणारी ताई घाईत असेल तर तो रकाना कोराच राहतो. पण ती दोन मिनिटं बसली, पोळा किती तारखेला होता ते दिनदर्शिकेत बघितलं, तर तिथे आठवडे भरता येतात.