श्रीलंकेच्या तलावांचा इतिहास लिहिणारे सर्व्हेअर : आर. एल. ब्रोहियर

श्रीलंका म्हटले की आपल्याला अनुराधपूरचा बोधिवृक्ष आठवतो, रुवनवेलिसाय स्तूप आठवतो, थेर महिंद आणि थेरी संघमित्रा आठवतात. धम्मयात्रेहून परतलेले उपासकही याच ठिकाणांचे फोटो दाखवतात. याच अनुराधपुरात तिसावेव, नुवरवेव, बसवक्कुलम असे विस्तीर्ण तलाव आहेत. (सिंहलीत 'वेव' म्हणजे तलाव.) त्यांच्यासमोर थांबून फोटो काढणारे कमीच. या आणि बेटावरच्या इतर तलावांचा इतिहास ज्यांनी एकत्र नोंदवला, त्या रिचर्ड लेस्ली ब्रोहियर यांची ओळख आपल्या तरुण वाचकांना करून द्यावी, असे आम्हाला बरेच दिवस वाटत होते.

ब्रोहियर यांचा जन्म १८९२चा आणि निधन १९८०चे, म्हणजे ८७ वर्षांचे आयुष्य त्यांना लाभले. ते डच बर्गर समाजातले होते; वसाहतकाळात बेटावर स्थायिक झालेल्या युरोपीयांच्या वंशजांचा हा छोटा समाज. ते इतिहासाचे प्राध्यापक नव्हते. तरुणपणीच ते सरकारी सर्वेक्षण खात्यात लागले आणि सुमारे चार दशके त्यांनी तिथेच नोकरी केली. नकाशा तयार करायचा तर सर्व्हेअरला गावोगाव जावे लागते, बांध कुठून कुठे जातो ते मोजावे लागते, प्रत्येक ओढ्याचे आणि तलावाचे नाव गावकऱ्यांना विचारावे लागते. श्रीलंकेच्या कोरड्या प्रदेशात असे हजारो तलाव होते. त्यांतले कित्येक फुटलेले, जंगलाने गिळलेले. नोकरीचा भाग म्हणून जे दिसले ते ब्रोहियर यांनी जुन्या ग्रंथांशी आणि सरकारी दप्तराशी ताडून पाहिले. त्यातून 'एन्शंट इरिगेशन वर्क्स इन सिलोन' हा ग्रंथ १९३४-३५मध्ये तीन भागांत प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतरही त्यांनी लिहिणे सोडले नाही. 'सीइंग सिलोन' १९६५मध्ये आले, आणि 'डिस्कव्हरिंग सिलोन' १९७३मध्ये, म्हणजे वयाची ऐंशी ओलांडल्यावर.

ब्रोहियर ज्या तलावांमागे लागले, त्यांची रचना समजून घेण्यासारखी आहे. कलावेव हा तलाव पाचव्या शतकात राजा धातुसेन याने बांधला. तिथून निघणारा जयगंगा किंवा योध एल हा पाट सुमारे ८७ किलोमीटरची वाट काढून अनुराधपूरच्या तिसावेवला पाणी पोचवतो. त्याच्या पहिल्या १७ मैलांत उतार आहे मैलाला अवघा सहा इंच. आजचा अभियंता लेव्हल लावून हे करेल, पण दीड हजार वर्षांपूर्वी जंगलातून इतका बारीक उतार कसा साधला असेल याचे नवल वाटल्याशिवाय राहत नाही. दुसरी गोष्ट 'बिसोकोटुव'. मोठ्या तलावाच्या मोरीतून पाणी सोडताना त्याचा दाब बांध फोडू शकतो. म्हणून बांधाच्या आतल्या बाजूस, मोरीच्या वाटेवर घडीव दगडांची चौकोनी विहीर बांधत. पाण्याचा जोर तिथे मोडायचा आणि दार तिथूनच उघडता-मिटता यायचे. ब्रोहियर यांच्या आधी हेन्री पार्कर या पाटबंधारे अभियंत्याने या विहिरीचे काम ओळखले आणि १९०९च्या आपल्या 'एन्शंट सिलोन' ग्रंथात मांडले.

आता मुद्द्यावर येऊ. हा इतिहास ग्रंथांत एक सांगितला जातो आणि जमिनीवर दुसरा.

राजा महासेन याचेच उदाहरण घ्या. 'महावंस' हा महाविहाराच्या भिक्खूंच्या परंपरेतला ग्रंथ. महासेनाने महाविहार उद्ध्वस्त केला, म्हणून त्या ग्रंथाला तो दोषीच वाटतो. मात्र त्याने सोळा तलाव बांधल्याचेही ग्रंथ नोंदवतो. त्यांतल्या मिन्नेरिय तलावाखाली भात पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी याच राजाला 'मिन्नेरि देवियो' म्हणून देव केले. विहार पाडणारा राजा आणि पाणी देणारा देव, दोघे एकच. केवळ ग्रंथ वाचणाऱ्याला यातली एकच बाजू कळते. धातुसेनाच्या कथेतही असाच पेच आहे. कलावेवचा बांध घालताना समाधीत बसलेला भिक्खू उठेना, तेव्हा धातुसेनाने त्याच्यावर माती टाकून त्याला गाडले, असे 'चूळवंस' सांगतो. पुढे मुलगा कस्सप संपत्ती कुठे आहे ते विचारू लागला, तेव्हा याच तलावात उतरून ओंजळीत पाणी घेत 'हीच माझी संपत्ती' असे तो म्हणाला, आणि मुलाने त्याला भिंतीत चिणून मारले. कथा मोठी आहे, पण बांध घालणाऱ्या मजुरांचा तिच्यात पत्ता नाही.

हे मजूर कोण होते? 'राजकारिय' या पद्धतीने जमिनीच्या बदल्यात फुकट काम करून घेतले जाई, आणि कोणी कोणते काम करायचे हे जातीवर ठरे. बौद्ध देशातही जात होती, हे आपण लपवू नये. ज्यांच्या घरात महार वतनाच्या आठवणी आहेत त्यांना ही पद्धत समजावून सांगावी लागणार नाही. ब्रिटिशांनी १८३२मध्ये राजकारिय बंद केली आणि त्यानंतर तलावांची देखभाल ढासळली. यावरून काही लेखक वेठ गेली याचेच दुःख करतात. आम्हाला ते पटत नाही. वेठ गेली ते योग्यच झाले. तिच्या जागी मजुरी देऊन काम करणारी दुसरी व्यवस्था वेळेवर उभी केली नाही, ही खरी चूक.

ब्रोहियर यांच्या ग्रंथातही, त्या काळच्या बहुतेक लेखनाप्रमाणे, राजे पुढे असतात. नंतरच्या अभ्यासकांनी हे चित्र बदलले. एडमंड लीच या मानववंशशास्त्रज्ञाने १९५९च्या लेखात दाखवून दिले की गावाचा छोटा तलाव राजाच्या हुकमावाचून गावच चालवू शकते. एका ओढ्यावर वरून खाली साखळीने तलाव असतात, वरच्या शेतातून झिरपलेले पाणी खालच्या तलावात जाते. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा ('गस्गोम्मन') आणि गाळ अडवणारे गवत ('पेरहन') राखतात. दुष्काळात 'बेत्म' नावाची रीत आहे. पाणी कमी असेल तर मोरीजवळची तेवढीच जमीन पेरायची आणि ती त्या हंगामापुरती सगळ्या कुटुंबांत वाटून घ्यायची, मालक कोणीही असो. अन्न व कृषी संघटनेने या तलाव-गाव पद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा मानले आहे.

राजांखेरीज तलाव कोणाचे असत, याचा पुरावा लेण्यांतही आहे. श्रीलंकेतल्या सर्वांत जुन्या ब्राह्मी लेखांत भिक्खूसंघाला गुहा दान देणाऱ्यांपैकी काहींची ओळख 'वापिहमिक', म्हणजे तलावाचा मालक, अशी दिली आहे. आपल्याकडच्या लेण्यांतही पाण्याच्या टाक्यांवर असे लेख आहेत, तिथे टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कान्हेरीला गेलात तर चैत्यगृह पाहून परत फिरू नका, पोढ्यांजवळचे लेखही शोधा. तिथल्या एका लेखात कल्याणच्या एका सोनाराने पाण्याची पोढी दान दिल्याचे कोरले आहे. कान्हेरीच्या कित्येक पोढ्यांत आजही पाणी असते.