शिंपले मोजून ठेवलेलं नाव

तर मंडळी, 'इओसीन'. ग्रीकमध्ये 'इओस' म्हणजे पहाट, 'कायनोस' म्हणजे नवीन. नव्याची पहाट! ऐकायला कविता वाटते, पण हा चक्क हिशोब आहे हां. खडकाचं वय वर्षांत सांगायची तेव्हा सोयच नव्हती. म्हणून १८३३ मध्ये चार्ल्स लायेलने शिंपल्यांवरून काळ ठरवले. मोजदाद पॅरिसच्या देशायेची, नावांना मदत केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलची. थरातल्या शंभर जातींपैकी आज किती जिवंत? तीन-चार, तर इओसीन. सतरा-अठरा, तर मायोसीन, म्हणजे 'कमी नवीन'. इओसीनमधल्या बाकीच्या नव्वदहून जास्त जाती कायमच्या संपल्या, आणि नाव पडलं ते उरलेल्या मूठभरांवरून! आज आपण इओसीनची सुरुवात ५.६ कोटी वर्षांपूर्वीची धरतो. हा आकडा लायेलच्या हयातीत कुणालाच माहीत नव्हता.