सर्व्हिस मेशच्या पोटातला स्क्विड

इस्टिओचा साइडकार लावलेल्या पॉडमधले आयपीटेबल्सचे नियम एकदा वाचून पाहा. पॉडमधून बाहेर पडणारं टीसीपी ट्रॅफिक १५००१ या पोर्टकडे वळवलेलं दिसतं. सोबत एक सवलत असते: यूझर आयडी १३३७ असलेल्या प्रोसेसला हात लावायचा नाही. हा १३३७ म्हणजे पॉडमध्येच बसलेला प्रॉक्सी, एन्व्हॉय. ही सवलत काढली, तर एन्व्हॉयने धाडलेलं प्रत्येक पॅकेट फिरून एन्व्हॉयच्याच गळ्यात पडेल.

वीस वर्षांपूर्वी कॉलेजची लॅब किंवा ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्यांना हा नियम कुठेतरी पाहिल्यासारखा वाटेल. तेव्हा पोर्ट असायचा ३१२८ आणि यूझर असायचा स्क्विड. बँडविड्थ तुटपुंजी, म्हणून ब्राउझरला न कळवता ८० नंबरच्या पोर्टचं ट्रॅफिक कॅशकडे वळवायचं. त्याच मशीनवरच्या प्रोग्रॅमचं ट्रॅफिकही वळवायचं असेल, तर स्क्विडच्या स्वतःच्या यूझरला वगळायचं. वळवताना पॅकेटवरचा मूळ पत्ता बदलतो. तो कर्नलकडून परत विचारून घ्यायची सोयही तीच. स्क्विड जे विचारायचा, तेच एन्व्हॉय आज विचारतो.

हे जुळलं आणि मेशची रूढ वंशावळ मला अपुरी वाटू लागली.

ती वंशावळ थोडक्यात अशी. १९८३ मध्ये डीएनएस आलं, २०१२ मध्ये नेटफ्लिक्सचं युरेका, २०१३ मध्ये एअरबीएनबीचं स्मार्टस्टॅक, २०१४ मध्ये कॉन्सल आणि कुबरनेटीज, २०१६ मध्ये लिंकरडी आणि एन्व्हॉय, २०१७ मध्ये इस्टिओ. मेशचा बाप कोण, यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, ट्विटरची फिनॅगल लायब्ररी. पुरावा भक्कम आहे: लिंकरडीची पहिली आवृत्ती फिनॅगलवरच उभी होती, ती बांधणारे ट्विटरमधून आलेले, आणि लिफ्टमध्ये एन्व्हॉय लिहिणारे मॅट क्लाइनही आधी ट्विटरमध्येच होते. दुसरा पक्ष स्मार्टस्टॅककडे बोट दाखवतो. तिथे नर्व्ह सर्व्हिसची नोंद झूकीपरमध्ये करायचा, सिनॅप्स ती वाचून हॅप्रॉक्सीची कॉन्फिग लिहायचा, आणि ॲप फक्त लोकलहोस्टशी बोलायचं.

रिट्राय, सर्किट ब्रेकर, लोड बॅलन्सिंग ही बुद्धी फिनॅगलची, आणि ॲपच्या शेजारी प्रॉक्सी बसवायची जागा स्मार्टस्टॅकची, इथवर मला मान्य आहे. पण या घराण्यांत ॲपला प्रॉक्सीचा पत्ता सांगावा लागे. लिफ्टमध्येही ॲप ठरवून लोकलहोस्टवरच्या एन्व्हॉयशी बोलत. ॲपला पत्ता लागू न देता मध्ये शिरायची विद्या ट्रान्स्परन्ट प्रॉक्सीवाल्यांची, आणि मेश कुबरनेटीजमध्ये घराघरांत पोचली ती याच विद्येवर.

ती तिथेच का रुजली? कुबरनेटीजमध्ये सर्व्हिसचं नाव डीएनएस सोडवतं, हाती क्लस्टर आयपी येतो, आणि त्यामागचा पॉड कुठला हे क्यूब-प्रॉक्सी ठरवतो. सुरुवातीला क्यूब-प्रॉक्सी खराखुरा प्रॉक्सी होता: कनेक्शन त्याच्यातूनच जायचं, आणि निवडलेल्या पॉडने प्रतिसाद दिला नाही तर तो आपणहून दुसरा गाठायचा. २०१६ च्या १.२ आवृत्तीपासून हे काम डीफॉल्टनेच आयपीटेबल्सकडे गेलं. वेग वाढला, पण निवडलेला पॉड गप्प बसला की कनेक्शन फसायला लागलं. शिवाय निवड होते ती कनेक्शनगणिक. जीआरपीसी एकच कनेक्शन दीर्घकाळ उघडं ठेवतं, त्यामुळे मागे दहा पॉड उभे असले तरी एका क्लायंटचा सगळा भार एकाच पॉडवर.

ही रिकामी झालेली जागा मेशने घेतली, असं माझं ठाम मत. ज्या आयपीटेबल्सने २०१६ मध्ये प्रॉक्सीला वाटेतून उठवलं, त्याच आयपीटेबल्सने २०१७ मध्ये इस्टिओच्या हातून दुसरा प्रॉक्सी वाटेत आणून बसवला. एका पॉडमधले कंटेनर एकच नेटवर्क नेमस्पेस वापरतात, म्हणून इनिट कंटेनरने नियम लिहून निघून गेलं की काम भागतं. सर्व्हिसची यादी इस्टिओ कुबरनेटीजच्या एपीआयमधून उचलतो आणि एन्व्हॉयला थेट पॉडचे आयपी देतो. क्लस्टर आयपीमागचा पॉड निवडायचं काम मग क्यूब-प्रॉक्सीकडे उरतच नाही.

यावर रास्त आक्षेप आहे: जुन्या क्यूब-प्रॉक्सीलाही एचटीटीपी कळत नव्हतं, आणि एन्व्हॉय, लिंकरडी दोघांचा जन्म कुबरनेटीजच्या बाहेरचा. जन्म बाहेरचा खराच. पण देवकी कोण यावर भांडताना यशोदेला विसरू नये.

आता सिलियमवाले ईबीपीएफच्या जोरावर आयपीटेबल्सचा काळ संपल्याचं सांगतात. क्यूब-प्रॉक्सी त्यांनी खरोखरच काढून दाखवला. पण एचटीटीपीच्या पातळीवर नियम लावायचे म्हटले की सिलियमही ट्रॅफिक एन्व्हॉयच्याच हाती देतो, आणि त्यासाठी लिनक्सच्या टीप्रॉक्सी या सोयीचा आधार घेतो. त्या सोयीबद्दल कर्नलचे दस्तऐवज उघडा: तिचा उपयोग करणारा प्रोग्रॅम म्हणून तिथे नाव आहे स्क्विडचं.