पिशवी, हाडं आणि इस्ट्रोजेन

आजचा इतिहास एका शब्दापासून सुरू करूया: पिशवी.

मी परभणी जिल्ह्यातली. आमच्या गंगाखेड-सोनपेठकडून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी हजारो कोयते ऊसतोडीला जातात. तिथल्या बायकांच्या बोलण्यात 'पिशवी काढली' हे सहज येतं. म्हणजे गर्भाशय काढलं. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी बीडमध्ये ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली! लेकरं झाली, आता तिचं काय काम, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. काम काय, ते विज्ञानाला कसं कळलं बघा.

आधी एक फरक लक्षात घ्या. इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः अंडाशयात तयार होतं, गर्भाशयात नाही. पण काही वेळा पिशवीबरोबर अंडाशयंही काढतात. आणि ती ठेवली, तरी त्यांचं काम लवकर थांबण्याची शक्यता वाढते.

१९४१ मध्ये बोस्टनचे डॉक्टर फुलर अल्ब्राइट यांनी मांडलं की पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात, आणि त्यामागे इस्ट्रोजेनची कमतरता आहे. पण इस्ट्रोजेन पेशीत नेमकं करतं काय? उत्तराला पन्नासेक वर्षं लागली.

१९८६ मध्ये रंजन सेन या भारतीय वंशाच्या संशोधकाने डेव्हिड बाल्टिमोर यांच्या प्रयोगशाळेत एक प्रथिन शोधलं: एनएफ-कप्पा-बी. जंतू आले, इजा झाली, की हे पेशीच्या केंद्रकात शिरतं आणि दाह पेटवणाऱ्या जनुकांचा खटका दाबतं. त्यातलंच एक जनुक आयएल-६ चं.

मग १९९२ चा प्रयोग. उंदरांची अंडाशयं काढली, तर हाड खाणाऱ्या पेशी वाढल्या. इस्ट्रोजेन दिलं, तर वाढ थांबली. गंमत म्हणजे, नुसतं आयएल-६ अडवलं तरी थांबली! १९९५ मध्ये कोडं आणखी सुटलं: इस्ट्रोजेन आपल्या ग्राहीला चिकटलं, की ती जोडी एनएफ-कप्पा-बीचा हात धरते. मग आयएल-६ चा खटका जोरात दाबला जात नाही.

म्हणजे इस्ट्रोजेन फक्त पाळी-गरोदरपणापुरतं नाही. ते हाडांतला विस्तव राखेखाली दाबून ठेवतं. चाळिशीच्या आत ते आटलं, तर हाडांची झीज कितीतरी वर्षं आधी सुरू होते. आणि त्याच बाईला पुढच्या हंगामात उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं असतं.

कधीकधी ऑपरेशन खरंच गरजेचं असतं, ते नाकारायचं नाही. पण तुमच्या आई-मावशीला कुणी 'पिशवी काढा' म्हटलं, तर दोन प्रश्न नक्की विचारा: दुसरा उपाय आहे का? आणि अंडाशयं ठेवणार का? जमल्यास दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

हा भाग घरच्या बायकांना जरूर ऐकवा. भेटू पुढच्या भागात!