पाथरवटांची पोरे आणि श्याम : शर्यतीच्या कथेची मराठीतील अनुपस्थिती

सायकलशर्यतीचा चित्रपट हे कथनाचे स्वतंत्र प्रारूप मानावे इतकी त्याची उदाहरणे पुष्कळ नाहीत. पण जी आहेत त्यांच्यात विलक्षण सातत्य आढळते. लहान गाव, त्या गावात बाहेरून येऊन वसलेला एक संपन्न वर्ग, शाळा संपलेली आणि पुढचे काही ठरलेले नाही अशी काही मुले, आणि वर्षातून एकदा भरणारी शर्यत, एवढ्या सामग्रीवर हे प्रारूप उभे राहते. अमेरिकेत ते १९७९ मध्ये सिद्ध झाले, हिंदीत १९९२ मध्ये अवतरले. मराठीत मात्र ते रुजलेच नाही. मराठी मुलखात सायकल नव्हती, गावे नव्हती किंवा वयात येणारी मुले नव्हती, असे कोणी म्हणणार नाही. तेव्हा या अनुपस्थितीचे कारण साहित्याच्या आणि चित्रपटाच्या अंतर्गत इतिहासात शोधावे लागते, आणि तो शोध घेताना नाशिक या एका गावाकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते.

प्रथम मूळ प्रारूप पाहू. पीटर येट्स दिग्दर्शित 'ब्रेकिंग अवे' या चित्रपटाची पटकथा स्टीव्ह टेसिच यांची. ती स्वतंत्र पटकथेच्या ऑस्करला पात्र ठरली. टेसिच युगोस्लाव्हियातून वयाच्या चौदाव्या वर्षी अमेरिकेत आलेले, इंडियाना विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि 'लिटल ५००' या तिथल्या शर्यतीत १९६२ साली जिंकलेल्या संघातले एक स्पर्धक. ब्लूमिंग्टन गावातली चुनखडीची खाण हा या कथेचा खरा पाया आहे. गावातल्या बापांनी त्या खाणीत दगड घडवला, त्या दगडातून विद्यापीठाच्या इमारती उठल्या, आणि इमारती उभ्या राहिल्यावर त्यांच्यात आत जाण्यास आपण लायक नाही असे त्याच पाथरवटांना वाटू लागले. चित्रपटात बाप मुलाला रात्रीच्या वेळी विद्यापीठाच्या आवारात हेच सांगतो. तो आता जुन्या मोटारी विकतो. खाण बंद पडली आहे आणि तिच्या पाण्यात मुले पोहतात. विद्यापीठातले विद्यार्थी या मुलांना 'कटर', म्हणजे पाथरवट, म्हणून हिणवतात. मुलांनी स्वतः मात्र आयुष्यात एकही दगड घडवलेला नाही. बापाच्या धंद्याची शिवी त्यांच्याकडे वारशाने आली आहे. धंदा मात्र आलेला नाही.

नायक डेव्ह या पेचातून सुटण्यासाठी इटालियन होतो. घरात ऑपेरा लावतो, बापाला इटालियन हाका मारतो, एका विद्यार्थिनीपुढे आपण इटलीहून आलो आहोत असा बहाणा करतो. पुढे खरे इटालियन शर्यतपटू येतात आणि त्यांच्यातला एक जण धावत्या सायकलच्या चाकात पंप खुपसून त्याला पाडतो. इथे घडणीच्या कथेतला परंपरागत भ्रमनिरास आहे. पण हा चित्रपट त्यापुढे जातो. अखेरच्या शर्यतीत चौघा मित्रांच्या संघाच्या सदऱ्यांवर तीच शिवी नाव म्हणून लिहिलेली असते. दोनशे फेऱ्यांची, एकाच सायकलवर आळीपाळीने धावण्याची ही शर्यत. डेव्ह सुरुवातीला सारे ओझे एकटा वाहतो, जखमी होतो, आणि मग मित्रांना सायकल द्यावी लागते. शर्यतीच्या या नियमातच चित्रपटाचा आशय गोठवला आहे, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

मन्सूर खान यांच्या 'जो जीता वही सिकंदर'मध्ये ब्लूमिंग्टनचे देहरादून होते. विद्यापीठाच्या जागी श्रीमंत मुलांचे राजपूत कॉलेज, पाथरवटांच्या जागी गावातल्यांचे मॉडेल कॉलेज. संजूही एका मुलीपुढे श्रीमंत असल्याचे सोंग आणतो. साम्ये इतकी आहेत की उसनवारीची चर्चा करण्याचेही कारण उरत नाही. भेद मात्र बोलके आहेत. खाण इथे नाही. गावकऱ्यांच्या श्रमातून श्रीमंतांची वास्तू उठली, हे सूत्रच गळून पडले, आणि त्या जागी कुटुंब आले. थोरला भाऊ रतन जायबंदी होतो आणि उनाड संजू त्याच्या जागी शर्यतीत उतरतो. वर्गाची कथा घराण्याच्या लाजेची कथा झाली. आर्थिक उदारीकरणाच्या दुसऱ्याच वर्षी आलेल्या या चित्रपटाला, जिंकले की दरी मिटते, असे वाटते. प्रेक्षकांनाही तसे वाटले. त्याची लोकप्रियता निव्वळ गाण्यांवर टिकलेली नाही.

आता नाशिक. अशा कथेला हवे ते सारे या गावाला इतिहासाने देऊन ठेवले होते. देवळालीची छावणी आणि तिथले १९२५ पासूनचे इंग्रजी निवासी बार्न्स स्कूल; गावालगत १९३७ मध्ये धर्मवीर मुंजे यांनी स्थापलेले भोंसला मिलिटरी स्कूल; नाशिकरोडचा सिक्युरिटी प्रेस; पुढे सातपूर-अंबडचे कारखाने. वसतिगृहातली मुले आणि गावातली मुले, बाहेरचे आणि इथले, हा भेद नाशिकला देहरादूनइतकाच ओळखीचा असायला हवा. शिवाय भारतीय चित्रपटाच्या जनकाने १९१३ साली मुंबई सोडून याच गावात चित्रपट काढायला घेतले. तरीही इथून वेगळ्याच दोन कथा निघाल्या.

पहिली दादासाहेब फाळके यांची. 'कालिया मर्दन' हा १९१९ चा मूकपट त्यांच्या नाशिकच्या कंपनीचा. त्यात बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. सवंगड्यांची टोळी, खोड्या, नदीकाठ, जिवावरचे धाडस, सारे कुमारकथेचे साहित्य इथे आहे. पण कृष्णाला वाढायचे नसते. तो आधीच पूर्ण आहे. डोहात उडी घेऊन तो काही शिकत नाही, काठावरच्यांना काय ते कळते. दुसरी कथा साने गुरुजींची. 'श्यामची आई' १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. श्याम वाढतो खरा, पण कशाने? आईच्या शब्दाने. पोहायला जायला घाबरून तो लपतो तेव्हा आई त्याला मारून पाठवते. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, ही तिची तळमळ. पोहता आल्यावर तो कोणाच्या पुढे गेला, हा प्रश्न त्या कथेत उद्भवतच नाही. देहाचे धाडसही तिथे संस्कार म्हणून येते. बरोबरीच्या मुलांमध्ये, त्यांच्याशी झुंजत, त्यांच्याकडून हरत घडणे याला त्या रचनेत जागा नाही.

मराठी घडणकथेवर या पुस्तकाची छाया किती दीर्घ पडली, याचा हिशेब अजून नीट मांडला गेलेला नाही. तिच्याविरुद्धचे सर्वांत मोठे बंड 'कोसला'चे (१९६३). पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्याच्या वसतिगृहात येतो, म्हणजे डेव्हने दुरून पाहिलेल्या इमारतीत राहायलाच जातो, बापाचा पैसा उधळतो, नापास होतो आणि परततो. पण इथेही शर्यत नाही. सांगवीकर हरत नाही, कारण तो स्पर्धेत उतरायलाच नकार देतो. साने गुरुजींनी स्पर्धा नीतीच्या अलीकडे ठेवली, नेमाड्यांनी ती निरर्थाच्या पलीकडे ढकलली. या दोन टोकांच्या मधल्या पट्टीत शर्यतीची कथा वसते, आणि मराठीत ती पट्टीच रिकामी राहिली.

सायकलीचेही एक स्वतंत्र कारण आहे. मुंबईत १९५२ मध्ये भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात डी सिका यांचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला गेला. बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन'मागे (१९५३) त्याची प्रेरणा होती, हे सर्वश्रुत आहे. आपल्या वास्तववादाने सायकल तिथून उचलली ती भाकरीचे साधन म्हणून. जिच्यावर घर चालते ती वस्तू कोणी शर्यतीत पणाला लावत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) हीच परंपरा आहे. जब्या चंक्याच्या दुकानातली सायकल घेऊन गारीगार विकायला निघतो. त्याला हवी असते एक जीन्स, शालूच्या डोळ्यांत भरण्यासाठी. उभी केलेली ती सायकल एका अवजड वाहनाखाली चिरडली जाते. डेव्हला निदान कोणीतरी हेतुपूर्वक पाडले होते, म्हणजे प्रतिस्पर्धी म्हणून त्याची दखल घेतली गेली होती. जब्याची सायकल मोडणाऱ्याला जब्या ठाऊकही नाही. आरंभरेषेवर उभे राहण्याचाच अधिकार नसलेल्या मुलाची कथा शर्यतीच्या रूपबंधात सांगता येत नाही, हे 'फँड्री'ने दाखवून दिले.

आणि तरीही एकदा मराठी पडद्यावर ती शर्यत लागली. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'त (२०१४, बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाचे स्फटिक अस्वल). वडील गेलेला चिन्मय आईच्या सरकारी बदलीमुळे पुण्याहून कोकणातल्या एका गावी येतो. इथे प्रारूप उलटे झाले आहे : बाहेरून आलेला आहे तो नायक, आणि गाव आहे ते बंड्या आणि त्याच्या टोळीचे. मुले सायकली दामटत किल्ल्याकडे निघतात. ओला रस्ता, आरोळ्या, वाऱ्याने फुगलेले सदरे. मराठी चित्रपटातल्या निखळ आनंदाच्या मोजक्या क्षणांपैकी हा एक. पण कोण पहिला पोहोचला याला पुढे कथेत काही वजन उरत नाही. पाऊस कोसळतो, चिन्मय किल्ल्यात मागे राहतो, आणि बाहेर येतो तो मित्र निघून गेलेले असतात. शर्यतीचा शेवट विजयात किंवा पराभवात न होता एकटे पडण्यात होतो, आणि वडिलांच्या मृत्यूने आधीच पोखरलेल्या मुलाला ते एकटेपण ओळखीचे वाटते.

आणखी एक गोष्ट इथे लक्षात घ्यावी. अमृता सुभाष यांनी साकारलेली 'किल्ला'तली आई श्यामच्या आईसारखी मुलाला घडवण्याच्या स्थितीतच नाही. कचेरीतल्या दडपणाखाली ती स्वतः अनिश्चित आहे. संस्काराची जागा रिकामी झाल्याशिवाय मराठी कुमारकथेत शर्यत शिरू शकली नाही, असे विधान मी येथे करू इच्छितो. मात्र ती शिरली तेव्हा बक्षिसावाचून शिरली. पुन्हा बदली येते, चिन्मय गाव सोडतो.

मंजुळे यांनी पुढे 'झुंड'मध्ये (२०२२) नागपूरच्या विजय बारसे यांच्या कार्याच्या आधारे ब्लूमिंग्टनची मांडणी जवळजवळ जशीच्या तशी घेतली : भिंतीअलीकडे वस्ती, पलीकडे कॉलेज, मध्ये फुटबॉल. परंतु सामना चित्रपटाच्या मध्यावरच उरकतो. उरलेला काळ कागदपत्रे आणि पासपोर्ट मिळवण्यात जातो. चित्रपट हिंदीत आहे, पण हा संशय मराठी आहे.

नाशिकला प्रत्यक्षातली शर्यत भेटली ती २०१५ मध्ये. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. हा पराक्रम कमी लेखण्याचे कारण नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने त्यातली वेळ महत्त्वाची आहे. सायकल ही पाळीला जाणाऱ्या कामगाराची गरज होती तोवर तिची शर्यत झाली नाही. ती गरज दुचाकीने भागवली, सायकल महाग आणि हौसेची झाली, आणि मग प्रौढ व्यावसायिक तिच्यावर बसले. 'ब्रेकिंग अवे'च्या शेवटी डेव्हचा बापही सायकल चालवू लागतो. आपल्याकडे कथा त्या शेवटच्या प्रसंगापासून सुरू झाली, मधले कुमारवय वगळून. 'सैराट'मधली (२०१६) आर्ची तर बुलेटवरूनच येते.

आर्चीच्या उल्लेखाने एक उरलेली बाब पुढे येते. या सर्व चित्रपटांत शर्यत मुलग्यांची आहे. 'जो जीता वही सिकंदर'मधली अंजली बापाच्या गॅरेजमध्ये काम करते, संजूच्या तयारीला हातभार लावते, आणि शर्यतीच्या दिवशी प्रेक्षकांत उभी राहते. नाशिक जिल्ह्याच्याच सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक मिळवते, तेव्हा ती पायांनी धावलेली असते. महाराष्ट्र शासन मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली देते, त्या घर ते शाळा एवढ्या अंतरासाठी. त्या रस्त्यावर दोन मैत्रिणी पुढे-मागे होत पेडल मारतात, ते अजून कोणी चित्रित केलेले नाही.