तिघांचा फड आणि मोठें मैदान

श्रोतेहो, अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर हें नांव उच्चारलें कीं आपणांस महानुभाव पंथ आठवतो, म्हाइंभटांचें लीळाचरित्र आठवतें, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून जिचा मान आहे ती महदाइसा आठवते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत याच गांवीं गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्तानें तिनें धवळे गाइले. त्या धवळ्यांतील रुक्मिणीच्या कथेचें व भाषेचें कौतुक अभ्यासक करितात, तें योग्यच आहे. मला मात्र आज आपल्यापुढें एक निराळाच प्रश्न ठेवावयाचा आहे. धवळा हें लग्नाचें गाणें. लग्नाच्या मांडवांत माणसांची वर्दळ असते, मुलांचा गलका असतो, डोक्यावर पक्कें छप्पर नसतें. अशा ठिकाणीं एका-दोघांच्या गळ्यांतून निघालेलें गाणें सर्वांपर्यंत पोंचावें कसें? थोड्या माणसांनीं मोठी जागा नादानें कशी भरावी? या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्राच्या गाणाऱ्यांनीं अनेक शतकें उघड्यावर उभें राहून दिलें आहे.

प्रथम थोडा हिशेब करूं. उघड्या मैदानांत अंतर दुप्पट झालें कीं आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते. बरें, माणसें वाढवावीं म्हटलें, तर मनुष्याच्या कानास आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठीं ध्वनीची शक्ति सुमारें दसपट करावी लागते. म्हणजे तिघांच्या जागीं तीस जण उभे करावे, तेव्हां कोठें दुपटीचा भास व्हावयाचा! तीस जणांचें पोट कोणत्या फडानें भरावें? गरीब कलावंतास मग एकच वाट उरते. आहे तेवढाच आवाज त्यानें शहाणपणानें वांटून घ्यावयाचा.

ही वांटणी पाहावयाची तर पोवाड्याकडे वळावें. १६५९ सालीं झालेल्या अफजलखानाच्या वधावर अगिनदासानें रचलेला पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतील सर्वांत जुना समजला जातो. शाहिराच्या हातीं डफ, एका साथीदाराजवळ तुणतुणें, दुसऱ्याच्या हातीं मंजिरी किंवा झांज, एवढ्या सामग्रीवर पोवाड्याचा फड उभा राहतो. सामग्री अल्प खरी, परंतु तिची निवड मोठी मार्मिक आहे. डफ म्हणजे कड्यावर ताणून बसविलेलें कातडें. त्याचा नाद खालचा व भरीव. तुणतुण्याची एकच तार एकच सूर धरून बसते आणि गाणें संपेपर्यंत ती थांबत नाहीं. मंजिरीचा नाद तीक्ष्ण. सेकंदास सुमारें दोन ते पांच हजार आंदोलनें होणाऱ्या नादांस मनुष्याचा कान सर्वांत जागा असतो, आणि मंजिरीच्या नादांत हीं आंदोलनें भरपूर असतात. म्हणून शेवटच्या रांगेंतील मनुष्याचाही ठेका सुटत नाहीं. तळाशीं एक, मध्यें एक, वर एक. कोणी कोणाची जागा अडवीत नाहीं, आणि शाहिराचा शब्द त्यांच्यामधून स्वच्छ चालतो.

तरीही या संचाचें खरें मर्म वाद्यांहून अधिक झील धरण्यांत आहे. शाहीर ओळीच्या अखेरीस येतो तेव्हां त्याचा दम संपत आलेला असतो. नेमक्या त्या क्षणीं मागचे झीलकरी त्याचा शेवटचा स्वर उचलतात आणि ‘जी जी’ म्हणत लांबवितात. तेवढ्यांत शाहिरास श्वास घेतां येतो, पुढचा चरण जुळवितां येतो, समोरच्या माणसांचे चेहरे पाहतां येतात. आणि नादांत मात्र कोठेंही खिंडार पडत नाहीं. शिवाय दोघे एकच स्वर गाऊं लागले तरी त्यांचे गळे तंतोतंत जुळत नाहींत. तो बारीकसा फरक कानास अनेक गळ्यांचा भास देतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. शाहीर कथा सांगत असतो तेव्हां साथीदार मुद्दाम दबून राहतात. त्या दबलेपणानंतर झील उठते म्हणूनच ती मोठी वाटते. सगळेंच सदासर्वदा मोठ्यानें चालूं लागलें, तर मोठें काय आणि लहान काय, हें कानास कळणार कसें?

आतां कोणी म्हणेल, हे उपाय विजेच्या पूर्वीचे. यंत्रें आल्यावर त्यांची गरज सरली. परंतु यंत्रयुगांतही तिघांचा पेंच तसाच राहिला. इंग्लंडांत १९६६ सालीं एरिक क्लॅप्टन, जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर या तिघांनीं ‘क्रीम’ नांवाचा रॉक संगीताचा संच काढिला. एकाजवळ गिटार, दुसऱ्याजवळ खर्जाची गिटार, तिसऱ्यापुढें ढोल. आवाज वाढविणारीं यंत्रें त्यांच्यापाशीं मुबलक होतीं. तरी क्लॅप्टन एकट्याची सुरावट घेऊन वर निघाला कीं त्याच्या खालची भूमि रिती पडावयाची. ती भूमि ब्रूसचें धांवतें खर्जवादन आणि बेकरचे ढोल भरून काढीत. यंत्र आवाज वाढवितें. पोकळी भरण्याचें काम मात्र साथीदारासच करावें लागतें. आपला झीलकरी तेंच काम करीत आला आहे.

वऱ्हाडानें तर याहूनही पुढची युक्ति काढिली. तिनें समोरच्या श्रोत्यासच साथीदार केलें. गाडगे महाराज १८७६ सालीं अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांवीं जन्मले आणि १९५६ सालीं अमरावतीजवळच त्यांनीं देह ठेविला. त्यांच्या कीर्तनांत महाराज प्रश्न विचारीत आणि उत्तर मैदान देई. मध्येंच नामगजर सुरू झाला कीं हजारों गळे त्यांत मिळत. बोलणारा एक, नाद मात्र साऱ्या गांवाचा. १९०९ सालीं यावलीस जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनीं खंजिरीच्या तालावर भजन गाऊन हेंच साधिलें, आणि मोझरीच्या गुरुकुंजांतून सामुदायिक प्रार्थनेस शिस्त दिली. खंजिरी ती केवढी, आणि तिच्याभोंवतीं समाज केवढा! श्रोता नुसता ऐकत बसला कीं तो दूर राहतो. त्याच्या तोंडीं एक चरण दिला कीं अंतर उरतच नाहीं.

येथें एका अन्यायाकडे आपलें लक्ष वेधणें मला अवश्य वाटतें. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, हे त्यांचे थोर उपकार होत. परंतु कागदावर शब्द उतरतात, झील उतरत नाहीं. शाहीर अखेरच्या चरणांत आपलें नांव गुंफतो. ज्यानें त्याचा श्वास सांवरला त्याचें नांव गुंफण्याची चाल नाहीं. होनाजी बाळा हें जोडनांव याला सुंदर अपवाद आहे. होनाजी शिलारखाने यांनीं रचना करावी आणि बाळा करंजकरांनीं ती गावी, म्हणून दोघेही एका नांवानें अमर झाले. पुढें १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर या तिघांनीं लाल बावटा कलापथक उभारिलें, तेव्हां तिन्ही नांवें लोकांच्या तोंडीं राहिलीं. बाकीचे शेंकडों झीलकरी काळाच्या पोटांत गेले.

ध्वनिक्षेपक आल्यापासून त्यांच्यावर दुसरें संकट आलें आहे. एकट्याचा आवाज विजेनें कोसभर जाऊं लागला, तेव्हां मागच्या दोघांस बिदागी कशाला द्यावी, असा हिशेब सहज सुचतो. त्या हिशेबांत एक चूक आहे. कर्ण्यांतून आवाज मोठा होतो, पण भरलेला होत नाहीं. शाहीर श्वासासाठीं थांबला कीं कर्णाही त्याच्याबरोबर मुका होतो.

२०२४ सालापासून रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें आहे. जेथें महदाइसेनें धवळे गाइले, तेथें मराठी शब्दांचें जतन होणार हें आनंदाचें आहे. त्या शब्दांबरोबर त्यांची झीलही जतन व्हावी. आज जे वृद्ध झीलकरी आणि सुरत्ये वऱ्हाडांत व अन्यत्र हयात आहेत, त्यांचा स्वर मुद्रित करून घ्यावा, आणि प्रत्येक मुद्रणावर गाणाऱ्याच्या नांवाखालीं त्यांचेंही नांव लिहावें. आणि आपण, श्रोतेहो, पुढच्या वेळीं पोवाडा ऐकाल तेव्हां शाहीर श्वास घेण्यास थांबेल त्या क्षणीं नीट कान द्या. त्या क्षणीं जो गात असतो, त्याच्या आधारावर सारें मैदान उभें असतें.